आयर्लंडमधली जुनी शहरं घडवण्यात पाण्याचा वाटा किती?

तुमचा प्रश्न असा, की आयर्लंडची जुनी शहरं नदीकाठी वसली ती केवळ बंदरासाठी, की शहराचा आकारही पाण्यानेच ठरवला? मी कॉर्कमध्ये राहतो, म्हणून इथलंच सांगतो. इथे रस्तेसुद्धा पाण्याने आखलेत.

कॉर्क या नावाचा मूळ आयरिश अर्थच दलदल. ली नदीला इथे फाटे फुटतात आणि मधल्या पाणथळ बेटांवर गाव वसलं. सेंट फिनबारचा मठ दक्षिणेच्या उंचवट्यावर होता. व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडून आलेले दर्यावर्दी, आले ते मात्र खाली, पाण्याजवळ राहिले. पुढे तटबंदी झाली, तरी गलबतं वेशीतून थेट गावात शिरायची. शहराच्या मुद्रेवर आजही दोन बुरुजांमधलं गलबत आहे. ती गलबतं जिथे लागायची ती गोदी पुढे बुजवली, तिथे आता कॅसल स्ट्रीट आहे.

१६९० च्या वेढ्यानंतर तट ढासळले आणि अठराव्या शतकात शहर आजूबाजूच्या दलदलीवर भराव घालत पसरलं. लोणी आणि खारवलेलं मांस परदेशी जायचं, त्यामुळे व्यापाऱ्याच्या दाराशी होडी लागणं ही सोय नव्हती, गरज होती. मग हे फाटे एकेक करून झाकले गेले. सेंट पॅट्रिक स्ट्रीट हा इथला मुख्य रस्ता एवढा वळणदार आहे, कारण १७८० च्या दशकापर्यंत तिथून नदीचा फाटा वाहत होता. साउथ मॉलवरची काही जुनी घरं जरूर बघा: मुख्य दरवाजा दगडी पायऱ्या चढून वर, आणि खाली रस्त्यालगत होड्या आत घ्यायची दारं. ग्रँड परेडच्या कोपऱ्यावर फुटपाथमध्ये एक तोफ उभी पुरलेली आहे. तिला होड्या बांधत. मी कधी तिथून गेलो की तिच्यावर हात ठेवतोच!

डब्लिनचं नावही पाण्याचंच, ‘काळा डोह’. पॉडल नदी लिफी नदीला मिळते तिथे तो डोह होता. आता त्या जागी किल्ल्याची बाग आहे आणि पॉडल जमिनीखालून वाहते. बेलफास्टच्या हाय स्ट्रीटखालीही फार्सेट नदी आहे.

झाकलं म्हणून पाणी गेलं असं मात्र नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ली नदीला पूर आला, कॉर्कचा मध्यभाग पाण्यात गेला, जलशुद्धीकरण केंद्रही बुडालं आणि हजारो घरांचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले.