गेममधला 'माना' आणि आपलं 'मन'

प्रश्न असा आलाय की फँटसी गेममध्ये मंत्र मारला की जी निळी पट्टी कमी होत जाते तिला 'माना' म्हणतात, तर तो संस्कृत 'मन'च ना, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

नाही हो. 'मन'ही नाही, 'मान'ही नाही आणि 'मंत्र' तर नाहीच. हे 'शेवटी सगळं आपल्याकडूनच गेलंय' छापाचं उत्तर मी इतक्या ठिकाणी वाचतोय, वर लोक पाणिनीचा धातू पण देतात, की आता खरंच वैताग येतो. गेममध्ये माना म्हणजे मंत्र मारायला लागणारी, वापरली की संपणारी शक्ती, खेळणाऱ्याला हे सांगायला नको.

शब्द प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा आहे. माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी), हवाईयन, सामोअन, टोंगन, फिजीयन, सगळ्यांकडे तो आहे, म्हणून त्यांची जी आदिभाषा, प्रोटो-ओशनिक, तिच्यातच तो होता असं धरतात. ती बोलणारी माणसं न्यू गिनीच्या पूर्वेच्या बिस्मार्क बेटांवरून तीनेक हजार वर्षांपूर्वीच होड्या घेऊन पुढे निघाली होती. आणि इंडोनेशियातले सगळ्यात जुने संस्कृत शिलालेख बोर्निओतल्या कुताईचे, ते साधारण इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातले. मलयमध्ये संस्कृत शब्द ढिगाने आलेत, 'भाषा'चं 'बहासा' झालं, ते खरंय, पण तोवर हे लोक केव्हाच टोंगा-सामोआला पोचले होते, मग 'मन' त्यांना कोणी नेऊन दिलं? माओरीत माना म्हणजे प्रतिष्ठा, अधिकार, म्हणून 'मान' आठवतो हे मी समजू शकतो, पण नुसतं सारखं ऐकू आलं म्हणून शब्द नात्यातले ठरत नाहीत. बायबलमध्ये आकाशातून पडणारा 'मान्ना' हा हिब्रू, तोही वेगळाच.

आता मला या शब्दात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. टोंगन भाषेत 'माना' म्हणजे चक्क ढगांचा गडगडाट! रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञाने २००७ मध्ये मांडलं की मूळ अर्थच हा, मेघगर्जना, वादळी वारा, निसर्गात जे जोर दाखवतं ते, आणि माणसाच्या अंगचा प्रभाव वगैरे अर्थ नंतरचे. मला हे शंभर टक्के पटतं. आधी ढग गडगडतो, मग माणूस म्हणतो की अमक्याच्या शब्दात तो जोर आहे. म्हणजे गेममधला जादूगार माना खर्च करून वीज पाडतो तेव्हा तो नकळत शब्दाच्या अगदी मुळाशी पोचलेला असतो.

पण ती 'पट्टी' कुठून आली? कॉड्रिंग्टन नावाच्या मिशनऱ्याने १८९१ मध्ये मेलानेशियावर, म्हणजे फिजी-सॉलोमनकडच्या बेटांवर, मोठं पुस्तक लिहिलं, त्यात माना म्हणजे एक अलौकिक शक्ती असं सांगितलं, आणि युरोपातले पंडित त्यावर तुटून पडले. मॉस आणि ह्यूबर्ट या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी तर जगभरच्या जादूचा पायाच माना ठरवला आणि आपलं 'ब्रह्मन्' सुद्धा त्याच खात्यात टाकलं. हे मला अजिबात मान्य नाही. एका बेटावरचा शब्द उचलायचा, त्याचं तत्त्वज्ञान करायचं आणि ते सगळ्या जगाला चिकटवायचं, ही कसली पद्धत? १९८४ मध्ये रॉजर कीसिंग या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना बरोबर धरलं. तो म्हणाला की बऱ्याच ओशनिक भाषांत हा शब्द नाम नाहीच, क्रियापद आहे, एखादी गोष्ट 'माना होते', म्हणजे फळाला येते. मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की इंग्रजी लेखकांना जिथे पानं लागतात तिथे आपल्याला दोन शब्द पुरतात: 'लागू पडणं'. औषध लागू पडलं, नवस लागू पडला. फिजीत विधीच्या शेवटी 'माना' म्हणतात आणि त्याला जोडून 'दिना', म्हणजे खरं, ते आपल्या 'तथास्तु'च्या किती जवळचं आहे बघा.

साठवायची आणि संपणारी माना मात्र लॅरी निव्हन या अमेरिकन विज्ञानकथा लेखकाची. १९६९ च्या एका कथेत त्याने माना जमिनीतल्या तेलासारखी केली, वापरली की त्या जागेतली संपली, आणि एक मंतरलेलं चाक दाखवलं जे फिरत फिरत आजूबाजूची सगळी माना खाऊन टाकतं. १९९३ मध्ये आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात माना जमिनीच्या पत्त्यांतूनच मिळते, आणि त्यात 'नेव्हिनिरल'ची तबकडी नावाचा एक पत्ता आहे, ते नाव इंग्रजीत उलटं वाचा, लॅरी निव्हन! कॉम्प्युटरवर १९८७ च्या 'डंजन मास्टर'मध्ये माना होतीच, पुढे 'डियाब्लो' या गेममधल्या निळ्या गोळ्याने ती घरोघरी नेली.

योगायोग असा की माओरी लोकांचा माना जमिनीशी खरोखरच बांधलेला आहे. 'माना फेनुआ' म्हणजे जमिनीवरचा अधिकार, न्यूझीलंडच्या १९९१ च्या कायद्यात हा शब्द आहे. १८३५ च्या त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सार्वभौमत्वासाठी 'माना' वापरला होता, पण १८४० च्या, इंग्रजांशी केलेल्या वैतांगी तहाच्या माओरी मसुद्यात इंग्रजांना काय दिलं हे सांगताना तो शब्द टाळून 'कावानातांगा' घातलं, जे इंग्रजी 'गव्हर्नर'वरून बनवलेलं. 'माना' लिहिलं असतं तर सरदारांनी सही केली असती का, हा वाद तिथे आजही चालू आहे. अशा शब्दाला 'मन' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

हां, मराठीत काय म्हणावं ते राहिलंच. पट्टीला 'माना'च म्हणा, 'मॅना' नको. भाषांतर हवंच असेल तर 'मंत्रबळ' चालेल.