पेटी मागताय, तर कुलपाचंही आत्ताच ठरवून घ्या

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं प्रकरण समोर आलं. झरी जामणीकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे तुम्ही अध्यक्ष. भळभळ वाहणारं रक्त थांबवायची पेटी शाळेत हवी असा ठराव घेतला, आणि वरून उत्तर आलं, 'कोणत्या शासन निर्णयानुसार?' आम्हालाही हेच विचारलं होतं. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. उपचाराचं तुमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. कागदपत्रांचं मात्र अनुभवाने सांगते.

पैशासाठी थांबू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान समितीच्या ठरावाने खर्च होतं. त्यातले १० टक्के स्वच्छतेला जातात, उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, खडू-फळा, हे सगळं मला माहीत आहे. तरी एक पेटी बसते. नाहीच बसली तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायला सरपंचांच्या मागे लागा.

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती मंजुरीसोबत आलेली अट. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) बऱ्याच पत्रापत्रीनंतर पेटी मान्य केली आणि लेखी कळवलं की वस्तू किमती आहे, जडवस्तू नोंदवहीत घ्या, कुलपात ठेवा, किल्ली मुख्याध्यापकांकडेच राहील. कुलपातली पेटी ऐनवेळी हाती लागणार नाही, असं आम्ही उलट कळवलं. त्यावर उत्तर आलं, 'गहाळ झाल्यास वसुली कोणाच्या वेतनातून करावी ते कळवावे.' मग कोण बोलणार? पेटी लोखंडी कपाटात गेली.

पुढच्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत सहावीतलं एक पोरगं चेंडू काढायला शेडवर चढलं. उतरताना टिनाच्या धारेने त्याचा दंड आतल्या बाजूने फाटला. ठोक्यागणिक रक्त उसळत होतं. मुख्याध्यापक शिक्षण परिषदेला केंद्रशाळेत, किल्ली त्यांच्या खिशात. खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी पदराचा बोळा जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबून धरला. मॅक्स जीपमध्ये बसताना, खड्ड्यांतून जाताना, थेट ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलापर्यंत त्यांनी हात उचलला नाही. बांगड्या फुटून काचा त्यांच्याच मनगटात रुतल्या होत्या, ते नर्सने सांगितल्यावर त्यांना कळलं. पोरगं वाचलं ते त्या माउलीमुळे. आणि नंतर त्याच कार्यालयाने शाळेला खुलासा मागितला की पेटी उपलब्ध असताना वापर का केला नाही! हे लिहिताना आजही हात थरथरतो माझा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ही पेटी प्रत्येक शाळेला सक्तीची व्हावी, पण ती कुठे टांगायची आणि कोणाला वापरता आली पाहिजे हे त्याच आदेशात लिहिलेलं असावं. अमेरिकेत टेक्सास राज्याने २०१९ मध्ये असा कायदा केला. तिथलं कारण शाळांतला गोळीबार. आपल्याकडे कारणं वेगळी आहेत: टिन, खिडकीची काच, इळा, वावरातून येताना पायात घुसलेलं पऱ्हाटीचं खुंट, रानडुकराचा सुळा. पण त्या कायद्यात पेटीत काय हवं याची यादी आहे, पेटी सहज हाती येईल अशा जागी ठेवायची अट आहे आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही आहे. सातवीपासून पुढच्या मुलांनाही तिथे हे शिकवतात. आपल्याकडे आदेश निघेल तेव्हा निघेल. तुमच्या ठरावात मात्र आजच लिहा: 'पेटी व्हरांड्यात, विनाकुलूप, सर्वांना दिसेल अशी.' आणि चोरीला गेल्यास समिती बघून घेईल, हेही लिहा. त्या एका वाक्याने मुख्याध्यापकांची भीती जाते.

हे शिकवण्यासाठी, मुलांच्या आरोग्य तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जे पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांना अर्धा तास जास्त थांबायची विनंती करा. शिक्षकांइतकंच खिचडीवाल्या बायांना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना बसवा. शिक्षक कधी प्रशिक्षणाला असतात, कधी सर्वेक्षणाला. या बाया रोज शाळेत असतात. १०८ ला फोन लगेच करायचाच, पण मोठी नस तुटली तर पाच मिनिटांतही जीव जाऊ शकतो, आणि आपल्या भागातला रस्ता आणि रेंज तुम्हाला ठाऊक आहे.

पेटीत टूर्निकेट म्हणजे आवळायचा पट्टा, जखमेत भरायचं गॉज, दाबपट्टी, हातमोजे, कात्री आणि मार्कर एवढं हवंच. पट्ट्याच्या स्वस्त नकला ऑनलाइन भरपूर आहेत, त्यांची आवळण्यासाठी फिरवायची काडी ताण दिला की वाकते. तिथे पैसे वाचवू नका. रक्त काढताना बांधतात ती रबरी नळी इथे कामाची नाही. पट्टा हातापायालाच, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळायचा, दुखतं म्हणून पोरगं ओरडलं तरी. मार्करने पट्टा आवळल्याची वेळ लिहायची आणि दवाखान्यापर्यंत सैल करायचा नाही. मान किंवा जांघेत पट्टा बसत नाही, तिथे गॉज कोंबून दाबून धरायचं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्याकडे साप चावला की आधी आवळून बांधतात, म्हणजे पेटी उघडी टांगली की पहिल्यांदा कोणीतरी सापासाठीच हा पट्टा काढेल. साप चावल्यावर आवळून बांधणं चूकच आहे, त्याने हात-पाय जायची वेळ येते. चावलेला भाग हलू न देता, चालायला न लावता सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. पेटीवर बाहेरूनच ठळक लिहा, 'साप चावल्यास हा पट्टा वापरू नये', आणि पालकसभेत वाचून दाखवा. आमच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर सांगा, गावाचं नाव काढून इथेच टाकते.