रिसर्चला जाणार असशील तर

विषय लहान घे. तुझी फिजिओथेरपीची इंटर्नशिप सहाच महिन्यांची, त्यात एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो. ती हातात आल्याशिवाय अभ्यासासाठी एकाही पेशंटचं माप घेऊ नकोस. उपचाराची ट्रायल असेल तर पहिल्या पेशंटआधीच सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी कर. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

मी बीडकडे ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीवर काम करत होतो. मापं सप्टेंबरात घेतली आणि दिवाळीनंतर फॉलोअपला गेलो तर तांडा रिकामा, सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, कारखान्यावर गेलेले. निम्मा डेटा गेला, फार वाईट वाटलं. तारखा ठरवण्याआधी पेशंटचा हंगाम विचारून घे.

गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनावर, हात बसव. एकाच गुडघ्याचं माप तीनदा घे, मग गाईडच्या मापाशी ताडून बघ.

‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारलं की आजी म्हणणार, ‘लई दुखतंय लेकरा.’ रुपयात किती आणे, असं विचारलं की नेमकं सांगतात. पण मग सगळ्यांना तसंच विचारायचं, मध्येच पद्धत बदलायची नाही. गाईडशी हे आधीच बोलून ठेव.

संमतीपत्र मराठीतच कर, वाचून दाखव. अंगठा घेणार असशील तर त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते.