जुन्या कंट्रोल-लाइन (हातातल्या तारांनी गोल फिरवत उडवायच्या) मॉडेल विमानाच्या किटने सुरुवात करताय?
किट छान निवडलंत! पण १९५०-६०च्या किटमधलं बाल्सा (हलकं लाकूड) बरेचदा ठिसूळ निघतं, भाग कापणाऱ्या बोथट डायने (साच्याने) कडाही चिरडलेल्या असतात. असे भाग नव्या बाल्सावर गिरवून कापा.

मजबुती तीनच ठिकाणी हवी:
- फायरवॉल (इंजिन बसवायची नाकातली फळी): प्लायवूडची, इपॉक्सी गोंदाने घट्ट. कॉक्स कंपनीचं ०.०४९ घनइंचाचं इंजिन चिमुकलं, पण थरथर भरपूर.
- बेलक्रँकचा (तारांची ओढ शेपटीकडे पोचवणाऱ्या तरफेचा) आधार: तारांचा सगळा ताण इथेच येतो.
- पंखाचा मधला सांधा.

बाकी गोंद बेताने, शेपटीकडे तर अगदीच जपून. शेपूट जड झालं की विमान नवख्याला आवरत नाही. नाक थोडं जड चालेल. इंधनातलं एरंडेल उघड्या लाकडात मुरतं, म्हणून इंजिनामागे पातळ इपॉक्सी फिरवा. रंगकाम, कसरती नंतर बघू. आणि विजेच्या तारांच्या आसपास उडवायचं नाही, कधीच नाही.