प्रश्न तुमचे: टीव्ही काळा, कोपऱ्यात पिवळी वीज

प्रश्न : रास्पबेरी पाय 4 हा छोटा, एका बोर्डाचा संगणक मोबाइलच्या चार्जरवर चालवतो. लाल दिवा लागतो, पण टीव्ही बहुतेक वेळा काळाच. चित्र आलेच तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि हार्ड डिस्क जोडताच सगळे बंद पडते. बोर्ड गेला का?

उत्तर : नाही, वीज अपुरी पडते आहे. विजेचा दाब (व्होल्टेज) 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ती पिवळी खूण उमटते. दोष बहुधा केबलचा असतो. बारीक तारांच्या केबलचा रोध पाव ओहम धरला, तरी 2 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, 5.1 चे 4.6 उरतात. 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा, जाड केबल जोडूनच येणारा अ‍ॅडॅप्टर घ्या. खात्रीसाठी मल्टिमीटरने बोर्डावरच्या पिनांच्या दुहेरी रांगेतील पिन 2 (5 व्होल्ट) आणि पिन 6 (ग्राउंड) मध्ये, डिस्क चालू असताना, दाब मोजा. प्रोब घसरू देऊ नका: शेजारची पिन 1 ही 3.3 व्होल्टची आहे, पिन 1 आणि 2 एकमेकींना जुळल्या तर मात्र बोर्ड खरेच जाईल. चारही यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअरच मिळतात, त्यामुळे डिस्कला स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड) हवाच.

आता चित्र. केबल पॉवरच्या सॉकेटशेजारच्या एचडीएमआय पोर्टमध्येच लावा आणि टीव्ही आधी चालू करा. तरीही काळोख असेल तर बोर्डावरचा हिरवा दिवा पाहा. तो चारदा किंवा सातदा लुकलुकून थांबत असेल तर मायक्रोएसडी कार्डावरची, संगणक सुरू होण्यासाठी लागणारी फाइल सापडत नाही; कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा लिहा. अचानक वीज गेल्याने असे वारंवार होते.