पाव म्हणजे १.४?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. व्यवहारी अपूर्णांक त्याला छान जमतात, छेद समान करून बेरजाही करतो. पण दशांश अपूर्णांक आले आणि सगळं बिनसलं. ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे, असं ठणकावून सांगतो. परवा १/४ चं दशांश रूप त्याने १.४ लिहिलं. रुपये-पैशांचं उदाहरण दिलं की तेवढ्यापुरतं पटतं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काय करू?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आधी ते रुपये-पैसे बाजूला ठेवा. मीही शाळेत कितीतरी वर्षं तेच उदाहरण देत होते. मग एकदा फळ्यावर ५.५ रुपये लिहिलं आणि विचारलं, किती? अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, "पाच रुपये पाच पैसे!" चूक माझीच होती. पैशांच्या उदाहरणात टिंब हे नुसतं कुंपण होतं, अलीकडे रुपये नि पलीकडे पैसे. पलीकडचा आकडा रुपयाचा तुकडा आहे, हे मुलाला दिसतच नाही. शिवाय त्याने पैसा हातात घेतलाय कधी? १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, त्या पिढीला ते उदाहरण ठीक होतं.

क्रिकेट तर त्याहून घातकी. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं नि तीन चेंडू, म्हणजे चक्क साडेचार! मुलगा क्रिकेटवेडा असेल तर ते टिंब वेगळं, हे मुद्दाम सांगून टाका.

तुमच्या मुलाला अपूर्णांक येतात ना, मग निम्मं काम झालेलंच आहे. टिंबाचा विषय चार दिवस काढूच नका. आलेख कागदाचा दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौरस कापा. हा झाला 'एक'. सेंटिमीटरच्या ठळक रेषांमुळे त्यात शंभर घरं आयतीच मिळतात. त्याला म्हणा, याचा पाव भाग रंगव. तो दोनदा घडी घालेल, एक कोपरा रंगवेल आणि मोजेल : पंचवीस घरं. १/४ म्हणजे २५/१००, हे सममूल्य अपूर्णांक त्याला येतातच.

आता दुसरा चौरस घ्या आणि उभ्या दहा पट्ट्या कापा. एक पट्टी म्हणजे एक दशांश. एका पट्टीची दहा घरं सुटी करा, प्रत्येक घर एक शतांश. नियम एकच : आधी जेवढ्या अख्ख्या पट्ट्या बसतील तेवढ्या घ्यायच्या, मग सुटी घरं. पंचवीस घरं मांडायला सांगितलीत की दोन पट्ट्या आणि पाच घरं होतात. वहीत तेच २/१० + ५/१०० असं लिहून घ्या. शेजारी ३/१० च्या तीन पट्ट्या ठेवा. मोठं कोण, हे त्यालाच बोलू द्या, तुम्ही गप्प बसा. (मला हे गप्प बसणं फार उशिरा जमलं.)

टिंब येतं ते यानंतर. शतक, दशक, एकक असं उजवीकडे सरकताना प्रत्येक घर आधीच्याचा दहावा भाग होत जातं. एककापाशी थांबायचं कशाला? पुढे दशांश, शतांश. टिंबाचं काम एवढंच की एकक कुठे संपला ते दाखवायचं. १/४ मधल्या त्या आडव्या रेघेच्या जागी टिंब देऊन तो १.४ लिहितो, ते या मांडणीने सुटतं.

आणि घरात 'शून्य पॉइंट पंचवीस' म्हणणं बंद. 'पंचवीस शतांश' म्हणा, नाहीतर 'शून्य पॉइंट दोन पाच'. तुमचा घोळ निम्मा या पंचवीसनेच केलाय.

आठवड्याभरात तो उलटी चूक करेल, घाबरू नका. म्हणेल, ०.३५ हे ०.३ पेक्षा लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान. विचार चुकीचा नाही, अर्धवट आहे. पुन्हा पट्ट्या काढा : तीन पट्ट्या तर दोन्हीकडे आहेत, वर पाच घरं कुणाकडे?

मग त्याला वाण्याकडे न्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाव किलो साखर ०.२५० दिसते, पाऊण किलो ०.७५०. शेवटचं शून्य काय करतंय, ते विचारा. २५०/१००० ला छाट देऊन २५/१०० करता येतं, हे त्याला ठाऊक आहे. पावणेतीन किलोला मात्र तो ३.७५ म्हणण्याची शक्यता आहे. आपली भाषाच तिथे तीनचं नाव घेते, काट्यावर मात्र २.७५० दिसतं. माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) घडाघडा म्हणायचे, त्यांना हा गोंधळ कधी झाला नसावा.

हे सगळं जमलं की त्याला १/३ द्या. दहा पट्ट्या तिघांत वाटल्या की तीन-तीन येतात, एक उरते. तिची दहा घरं वाटली की पुन्हा तीन-तीन, पुन्हा एक उरतं. कात्री मात्र जवळच ठेवा. माझ्या वर्गातली एक मुलगी मिलिमीटरच्या चौकोनापर्यंत कापत गेली होती.