स्क्रिप्टमधून फ्रेम रेंज लावताना

ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाईल उघडलीस की रेंज 1 ते 250 असते आणि वेग सेकंदाला 24 फ्रेम. स्क्रिप्टने सीन तयार करताना हे आकडे आपोआप बदलतील असं धरून चालू नकोस. सीनचे फ्रेम-स्टार्ट आणि फ्रेम-एंड हे दोन्ही गुण स्वतः लिही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका फ्रेमचा. दहा सेकंदांची क्लिप म्हणजे 240 फ्रेम. सुरुवात 1 ला असेल तर शेवट 240, पण 0 ला असेल तर 239, कारण शेवटची फ्रेमही मोजली जाते. मी आजही शेवटचा आकडा हाताने लिहीत नाही. सुरुवात अधिक लांबी, वजा एक, हे गणित स्क्रिप्टलाच करू देते. पुढे कुणी सुरुवात 1001 वर नेली तरी काही बिघडत नाही.

अ‍ॅक्शनवरून, म्हणजे वस्तूच्या साठवलेल्या हालचालीवरून, रेंज घेणार असशील तर तिथून दशांश आकडे येतात आणि सीनला पूर्णांकच लागतो. सरळ दिलास तर टाइप-एरर येतो. शेवटचा आकडा वरच्या पूर्णांकावर ने, नाहीतर टोकाची हालचाल कापली जाईल.

रेंडर कमांड लाइनवरून सोडत असशील तर सुरुवात आणि शेवटाचे पर्याय अ‍ॅनिमेशनच्या पर्यायाआधी लिही. ब्लेंडर ते डावीकडून उजवीकडे पाळतं. उलट क्रमाने लिहिलेस तर फाईलमधलीच जुनी रेंज रेंडर होते. रात्रभराचं काम लावण्याआधी दोन्ही आकडे छापून बघ.